पहिला फोटो दारातून

९ जानेवारी

भिंगरी,

आशीर्वाद पाठवतोय. नको असले तर पाकिटातच राहू देत, ते काही जागा खात नाहीत.

तुझं पाकीट काल मिळालं. तीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, तेही फक्त पत्त्यावर. आत चिठ्ठी असेल म्हणून पाकीट उलटं करून झटकलं, कात्रीने तिन्ही कडा उघडल्या. निघाला एक फोटो. मागे पेन्सिलीने नुसता आकडा, १. बाकी अक्षर नाही. ठीक आहे. बापाशी बोलायचं नाही पण बापाला फोटो दाखवायचा, हेही मला चालेल. फोटोवर मी कोणाशीही बोलतो.

पाकिटावर फोटोग्राफीच्या वर्गाचा शिक्का होता, त्यावरून कळलं की तू शिकतेयस. लहानपणी तुला कॅमेऱ्यासमोर दोन मिनिटं बसवायचं म्हणजे तुझी आई आणि मी घामाघूम व्हायचो, म्हणून तर भिंगरी नाव पडलं. आता तीच बया कॅमेऱ्यामागे उभी आहे म्हटल्यावर मला हसू फुटलं. दुकानात पासपोर्टच्या फोटोसाठी एक गृहस्थ बसले होते, त्यांना वाटलं मी त्यांच्या नाकाला हसलो.

आता कामाचं बोलू. स्वयंपाकघर आहे. टेबलाशी पाठमोरी बसलेली पोर म्हणजे माझी नात असणार, डोक्यावर दोन भोवरे दिसतात, तुझ्यासारखे. खिडकीतला उजेड तिच्या मानेवर पडलाय तो झकास. पण बाई, तू उभी कुठे होतीस? परगावी? पोर करंगळीच्या नखाएवढी आलीय, आणि भोवती पातेली, बादली, कॅलेंडर, ओला टॉवेल, सगळं घर. शिकाऊ माणसाची पहिली चूक हीच. त्याला वाटतं, सगळं आलं पाहिजे. सगळं घ्यायला गेलं की डोळा कुठे टेकवायचा तेच बघणाऱ्याला कळत नाही. दोन पावलं पुढे जायचं. वाटलं तर आणखी दोन. पोर, टेबल आणि खिडकी एवढंच ठेवायचं.

आणि उजव्या कडेला उभा काळा पट्टा आलाय, तो दाराचा खांब. कडा बघायची सवय लाव. खटका दाबण्याआधी चारी कडांवरून नजर फिरवायची, नको ते बाहेर काढायचं. मी लाल पेन्सिलीने रेघ मारून दाखवली असती, पण मग फोटो तुला परत पाठवावा लागेल. तो मी ठेवून घेतोय.

बाबा

२ फेब्रुवारी

भिंगरी,

आणखी तीन आले. चिठ्ठी नाही, आता मी झटकूनही बघत नाही.

आधी तुझ्या मास्तरांना माझा नमस्कार सांग आणि विचार की ते वर्गात झोपतात का. तिन्ही फोटोंच्या मागे आकडा १. पहिल्याच्याही मागे १ होता. चार फोटो आणि चारही पहिले? तू हिशेबात कच्ची नव्हतीस. निगेटिव्हच्या सहा-सहाच्या पट्ट्या कापायचं काम तू आठव्या वर्षापासून करायचीस, स्टुलावर उभी राहून, जीभ बाहेर काढून. एकदाही तुझी कात्री चुकीच्या चौकोनावर पडली नाही.

ती मोठी खोली, जिथे चादरींच्या गाठोड्यांची रांग आहे आणि वाफेने मागचं धूसर दिसतंय, ती तुझी कामाची जागा का? दवाखान्याच्या लाँड्रीत लागलीस असं उडत उडत कानावर आलं होतं. तिथल्या बायका चांगल्या दिसतात. मधली कोणीतरी हसतेय. पण ती बरोबर मधोमध उभी आहे, खांबाला बांधल्यासारखी. फोटोचे मनातल्या मनात तीन भाग करायचे, उभे तीन, आडवे तीन. माणूस त्या रेघांवर उभा करायचा, मधोमध नाही. तो ज्या बाजूला बघतोय तिकडे जागा मोकळी ठेवायची. माणसाच्या नाकासमोर भिंत आली की फोटो गुदमरतो.

गंमत बघ, तुझ्या आईला हे कधीच पटलं नाही. ती म्हणायची, "माणूस कडेला काय उभा करता, शिक्षा केलीय का त्याला?" लग्नाच्या वाढदिवसाचा आमचा जो फोटो आहे तो मी दहा सेकंदांचा टायमर लावून काढला होता. तिला डाव्या रेघेवर उभं केलं आणि खटका पडायच्या आत ती मुकाट्याने मधोमध सरकली. त्यामुळे फोटोत ती मध्ये आणि माझा अर्धाच खांदा. तो अजून काउंटरमागे लावलेला आहे. चुकलेला आहे, पण काढवत नाही.

याही तिन्ही फोटोंना उजवीकडे काळा पट्टा आहे. मी गेल्या पत्रात सांगितलं होतं. ऐकायचं नाही हा तुझा जुनाच वसा.

एक लिहिणार नव्हतो, पण लपवलं तरी तुला कुठून ना कुठून कळेलच. खोक्यांच्या कारखान्याच्या ओळखपत्रांचं काम अजून माझ्याकडेच आहे. जावई जिथे गेले तिथलंच काम बाप अजून करतो, असं तू म्हणशील. म्हण. सहाशे माणसं आहेत तिथे, त्यांचे फोटो कोणीतरी काढणारच.

बाबा

१९ फेब्रुवारी

भिंगरी,

काल नोटीस आली. जावयांच्या अपघाताची फेरचौकशी, एकवीस मार्चला. अर्जदार म्हणून तुझं नाव. साक्षीदारांत माझं, "घटनास्थळाची छायाचित्रे काढणारा" म्हणून. मी ती दोनदा वाचली आणि चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली.

तुला काय हवंय ते मला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वीच्या अहवालात लिहिलंय, "कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे." पुठ्ठा दाबायच्या प्रेस मशीनमध्ये हात अडकला, मशीन बंद करायचं लाल बटण शेजारीच होतं, ते त्याने दाबलं नाही. तुला ते वाक्य खोडून हवंय. नातीला शाळेत कोणीतरी म्हणालं ना, तुझे बाबा कामात लक्ष देत नव्हते म्हणून मेले? हेही उडत उडत कानावर आलं. पोरं वाईट नसतात, घरात ऐकलेलं बोलतात.

पण मी काय सांगणार तिथे? मी फोटो काढणारा माणूस. कारखान्यातून बोलावणं आलं, गेलो, आठ फोटो काढले, दिले. मशीन जसं होतं तसं काढलं. आता तू म्हणशील, लाल बटण एकाही फोटोत नाही. नाही आलं. मी आयुष्यभर एकच गोष्ट केली, नको तो पसारा बाहेर ठेवला. लग्नात नवरीमागची विजेची तार दिसू नये म्हणून मी एक पाऊल सरकतो. साहेबाच्या टेबलावरचा उष्टा कप दिसू नये म्हणून सरकतो. चाळीस वर्षं पायांना तीच सवय आहे. त्या दिवशीही पाय सरकला असेल.

आणि तू दारात उभी राहून विचारलं होतंस, "बाबा, पहिला कुठेय?" तेव्हा सांगितलं तेच आताही सांगतो. रोल भरताना सुरुवातीच्या फिल्मला उजेड लागतो. पहिला जळाला. फाइलमध्ये दोन नंबरपासून आहेत ते त्यामुळेच. तू चप्पल घातलीस आणि पोरीला घेऊन निघून गेलीस. मला वाटलं होतं, चार दिवसांनी डोकं शांत झालं की येशील.

नवे दोन फोटो पाहिले. एक फोटोच्या वर्गाचा, एक तुमच्या खोलीचा. खोलीतला पलंग दोघांचा आहे, आणि एकाच बाजूची उशी चुरगळलेली आहे. मी म्हणणार होतो, अर्धा पलंग रिकामा पडलाय, तेवढा भाग काप आणि भरलेल्या बाजूला जा. मग तसं म्हणवलं नाही. तो फोटो आहे तसाच ठेव.

बाबा

६ मार्च

भिंगरी,

आज धडा नाही. आज जे घडलं ते सांगतो.

सकाळी दुकानात एक बाई आल्या. कारखान्यात पॅकिंगला होत्या. त्यांचं ओळखपत्र मीच काढलेलं, चेहरा लक्षात होता. आता अपंगत्वाच्या दाखल्यासाठी फोटो हवा होता. डावा हात मनगटापर्यंतच राहिलाय. मी त्यांना स्टुलावर बसवलं, दिवे लावले आणि सवयीने म्हणालो, "बाई, तो हात मांडीवर खाली घ्या. फोटोत नको यायला."

"अहो, त्याचाच तर फोटो पाहिजे," त्या म्हणाल्या. "हात दिसला पाहिजे असं त्यांनी लिहून दिलंय."

मी कागद वाचला. तसंच होतं. म्हटलं, "मग छातीशी धरा."

त्यांनी धरला. मी व्ह्यूफाइंडरमधून बघतोय आणि माझं बोट काही खटक्यावर जाईना. विचारलं, "कुठल्या मशीनवर?"

"तुमच्या जावयाच्याच." त्या अगदी सरळ आवाजात बोलत होत्या. "तुम्ही फोटो काढून गेलात त्याच संध्याकाळी नवीन बटण बसवलं. चार महिने चाललं. मग पुन्हा बटणाचा डबा निखळला, पुन्हा वायरीवर लोंबायला लागला, पुन्हा पाइपला फडक्याने बांधला. तिथवर हात पोचतो होय कुणाचा? मलाही नाही पोचला."

मी दिवा जरा सरकवला.

"मी त्या दिवशी तिथेच होते, मास्तर. टेबलापाशी. तुम्ही आधी दारात उभे राहिलात आणि एक काढलात. मग मॅनेजर आले, मग तुम्ही आत आलात आणि बाकीचे काढलेत. तो दारातला कुठे गेला?"

"जळाला," मी म्हणालो.

"बरं," त्या म्हणाल्या. "काढा आता. हात दुखतो वर धरून."

मी काढला. हात मधोमध आला. एकही रेघ पाळली नाही. त्या गेल्यावर दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आतल्या स्टुलावर बसलो. तुझे सगळे फोटो काढून टेबलावर मांडले. अकरा झालेत आता. स्वयंपाकघर, लाँड्री, जिना, वर्ग, बसचं आतलं, पलंग, शाळेची खोली. सगळ्यांना उजवीकडे तो उभा काळा पट्टा. अकराच्या अकरा तू दारात उभी राहून काढलेस. अकराच्या अकरांच्या मागे १.

मला हे आज कळलं असं लिहिलं तर तुला बरं वाटेल का? नाही ना. मला दुसऱ्या पाकिटालाच कळलं होतं. मुद्दाम वेड पांघरलं. तुझ्या मास्तरांची टिंगल केली, कडा कापायला सांगितलं, तीन भाग आणि मोकळी जागा करत बसलो. तू पाचसहा वर्षांची असताना हातात खोटा कॅमेरा घेऊन दुकानभर फिरायचीस आणि ओरडायचीस, "पहिला फोटो दारातून!" ते माझंच वाक्य. कुठल्याही जागी गेलं की आधी दारातून एक काढायचा, सगळ्या पसाऱ्यासकट. विकायला नाही, आपल्यासाठी. नंतर आत जाऊन काय धरायचं आणि काय सोडायचं ते त्यावरून ठरतं. लग्न असो, बारसं असो, मयत असो, माझा पहिला दारातून. हे जगात दोघांनाच माहीत होतं, तुला आणि तुझ्या आईला.

आणि रोल भरल्यावर मी दोन खटके वाया घालवतो, मगच एक मोजतो. माझा पहिला कधीही जळत नाही. हेही तुला शेंबडी असल्यापासून माहीत आहे. मी कोणाला फसवत होतो?

तो फोटो आहे. पट्टीवरून मी तो कात्रीने वेगळा केला. तुझ्यापेक्षा वाईट कापला. त्यात लाल बटणाचा डबा लोंबताना स्वच्छ दिसतो, पाइपला बांधलेल्या फडक्यासकट. मॅनेजर म्हणाले, "मास्तर, ते लोंबतंय ते नको, मशीन स्वच्छ दिसू द्या," आणि मी एक पाऊल डावीकडे सरकलो. पाय सवयीने सरकला नाही. मी सरकवला. कोणाला लागलंय ते मला तेव्हा माहीत नव्हतं. घरी आलो तेव्हा कळलं, आणि मग बोलायला तोंड राहिलं नाही.

बाबा

११ मार्च

भिंगरी,

मागच्या पत्रातही मी एक खोटं लिहिलंय. शेवटून दुसरं वाक्य, कोणाला लागलंय ते माहीत नव्हतं हे.

पाच दिवस झाले, निगेटिव्ह काढून ठेवलीय. तुझ्या आईच्या शिवणाच्या डब्यात होती, बॉबिनच्या खाली. काल दुपारी डार्करूममध्ये गेलो आणि मोठा प्रिंट काढला. प्रिंट औषधाच्या पाण्यात वर यायला लागला की आधी काळं येतं, मग मधलं, पांढरं शेवटपर्यंत पांढरंच राहतं. आधी डाव्या बाजूचा दाराचा खांब आला, मग मशीन, मग डबा आणि वायरी. जमिनीवर टाकलेला लाकडाचा भुसा आला, तो कशावर टाकला होता ते तुला सांगायला नको. आणि मग अगदी उजवीकडे, भिंतीवरच्या खुंटीवर, तो आला.

स्वेटर. तुझ्या आईने शेवटच्या आजारपणात विणलेला, जावयांसाठी. तिला टाके मोजता येत नव्हते तेव्हा, म्हणून एक बाही वीतभर लांब झाली. आम्ही सगळे हसलो होतो. जावई म्हणाले, "राहू द्या आई, एक हात थंडीत जास्त गार पडतो माझा." आणि तो माणूस रोज तोच स्वेटर घालून कामावर गेला. फोटोत ती लांब बाही खुंटीवरून खाली लोंबतेय. आंधळ्यालाही कळेल कोणाचा आहे.

मी दारातून बघितलं तेव्हाच तो दिसला, भिंगरी. खटका दाबण्याआधी मी चारी कडांवरून नजर फिरवतो. मला माहीत होतं.

मी मॅनेजरांना विचारलं, "आमचे जावई?" ते म्हणाले, "दवाखान्यात नेलंय, शुद्धीवर आहेत, बोलतायत. हाताला लागलंय. बरे होऊन उद्या इथेच यायचंय ना कामाला? मग कारखान्याची बदनामी कशाला, मास्तर? जरा समजून घ्या." मी समजून घेतलं. मला वाटलं, माणूस जिवंत आहे, नोकरी राहिली पाहिजे, घरात लहान पोर आहे. एका लोंबत्या डब्यापायी घरादाराची वाट कशाला लावायची? मी सरकलो. एकदा नाही, आठही फोटोंना सरकलो. चांगले फोटो आहेत ते. रेघा सरळ आहेत, उजेड बरोबर आहे.

मी कॅमेरा बॅगेत भरत होतो तेव्हा फोन आला की ते गेले.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मॅनेजरांच्या अंगावर रोल फेकायला हवा होता. पण मग तू विचारलं असतंस, बाबा, तुम्हाला माहीत होतं? आणि मला हो म्हणावं लागलं असतं. मी कारखान्याला घाबरलो नाही ग. त्यांचं काम गेलं असतं तर गेलं असतं. मी त्या बाहीला घाबरलो. फोटो दिला असता तर तुझा नवरा निर्दोष ठरला असता आणि तुझा बाप तुला कळला असता. म्हणून तीन वर्षं मी मेलेल्या माणसाला निष्काळजी राहू दिलं. आणि त्या बाईंचा हातही त्यातच गेला, कारण डबा लोंबतो हे कागदावर कुठेच नव्हतं.

आता सगळ्यात वाईट. काल तो प्रिंट वाळत घातल्यावर मी दुसरा काढला. एन्लार्जर वर उचलला, कागद सरकवला आणि उजवी बाजू बाहेर ठेवली. मशीन, डबा, वायरी आले. स्वेटर गेला. चौकशीला पुरे. तुला पुरे. मलाही पुरे. आणि सांगू का, काय बांधणी झाली होती त्याची! डबा बरोबर वरच्या उजव्या रेघेवर, नजर थेट तिथे जाते. आयुष्यातला सगळ्यात नेटका फोटो. मी तो बराच वेळ हातात धरून उभा होतो.

मग फाडला. आधी दोन तुकडे केले, मग बारीक बारीक केले.

सोबत निगेटिव्ह आहे, पुठ्ठ्यात घालून. ती कापू नकोस, कोणाला कापू देऊ नकोस. पूर्ण प्रिंट मी एकवीस तारखेला स्वतः घेऊन येतो. जे विचारतील ते सांगेन. तू समोर बसू नकोस असं म्हणायचा मला हक्क नाही.

स्वेटर त्यांच्या वस्तूंबरोबर तुला मिळाला होता ना? जपून ठेव. कसर लागते.

बाबा

१४ एप्रिल

भिंगरी,

तुझं पाकीट आज मिळालं. यावेळी मी झटकलं नाही.

चौकशीचा कागद मलाही आला. "निष्काळजीपणामुळे" हा शब्द गेलाय. त्या जागी "यंत्राच्या सदोष स्थितीमुळे" असं आहे. नातीला वाचून दाखव. अजून कळणार नाही, पण मोठी झाल्यावर शोधावं लागू नये. पॅकिंगवाल्या बाईंचीही तक्रार आता घेतलीय म्हणे. कारखान्याने ओळखपत्रांचं काम काढून घेतलं, ते मी मनावर घेतलेलं नाही. दुकानात आता बरंच शांत असतं.

त्या दिवशी तू पहिल्या बाकावर होतीस. मी प्रिंट टेबलावर ठेवला, सगळे वाकून बघायला लागले, तू जागची हलली नाहीस. कारखान्याच्या वकिलाला वाटलं मला पेचात पकडता येईल. त्याने विचारलं, "हा स्वेटर कोणाचा हे तुम्हाला त्यावेळी माहीत होतं?" मी हो म्हणालो. "तरीही तुम्ही ते आठ फोटो तसे काढलेत?" त्यालाही हो म्हणालो. तेवढ्यात बाकाचा आवाज झाला. तू उठून बाहेर निघाली होतीस. मी मान खाली घालून पुढच्या प्रश्नांची उत्तरं देत राहिलो. मग मागून, दाराकडून, खटक्याचा आवाज आला. शिपाई कोणावर तरी खेकसला, "ओ बाई, इथे फोटो काढायचा नाही." तो खटका मी ओळखला. मान वळवली नाही. फोटो काढणारा काम करत असताना त्याच्याकडे बघायचं नसतं.

तर तो हा फोटो. लांबलचक खोली, रिकामे बाक, पंखा, फायलींचं कपाट, टेबलामागची माणसं. आणि खूप लांब, मधोमध, खुर्चीत एक म्हातारा, करंगळीच्या नखाएवढा. पाठमोरा, मान खाली. उजवीकडे दाराचा काळा खांब.

मागे यावेळी आकडा नाही. तीन वर्षांत तू मला लिहिलेलं पहिलं वाक्य आहे. "पुढे येता आलं नाही."

मी सवयीने लाल पेन्सिल घेऊन बसलो होतो. सगळ्या कडा पाहिल्या. फोटो बरोबर आहे, भिंगरी. तू जिथे उभी होतीस तिथूनच तो काढायला हवा होता. कापण्यासारखं त्यात काही नाही. पेन्सिल परत खणात टाकली.

दुकान सकाळी नऊला उघडतं. दार आता मी उघडंच ठेवतो. तुला आत यायची गरज नाही.

बाबा